सेमरटोल्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी

शेवंताबाई मेश्राम यांना सेमरटोल्याबद्दल काही विचारायचं, तर हाताशी भरपूर वेळ ठेवून विचारावं लागे. त्यांची सून पायल हे चांगलं ओळखून होती. तरी त्या दुपारी जबलपूरच्या कांचघर भागातल्या घरात ती लॅपटॉप मांडीवर घेऊन मुद्दामच सासूसमोर येऊन बसली. ती विजय नगरच्या एका पर्यटन कंपनीत होती. कंपनीने बरगी धरणाच्या पाण्यातल्या एका बेटावर, सेमरटोल्याला, पाहुण्यांसाठी तंबू उभे केले होते. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात द्यायला एक पुस्तिका हवी होती. गावात काय मिळतं, काय मिळत नाही, कुठे जावं, कुठे जाऊ नये. कंपनीत कुणालाच ते नीट माहीत नव्हतं, आणि पायलच्या घरात तर गावाची सिस्टरच बसलेली होती.

सेमरटोला आधी बेट नव्हता. धरणाचं पाणी चढलं, खालची शेतं बुडाली, आणि टेकडीच्या माथ्यावरची घरं तेवढी पाण्याच्या मधोमध उरली. सरकारने तिथे एक आरोग्य उपकेंद्र बांधलं आणि नर्स म्हणून शेवंताबाईंना पाठवलं. लोक म्हणाले, शिक्षाच झाली बिचारीला. पण शेवंताबाई निवृत्त होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. नवरा दयाराम इकडे जबलपुरात कारखान्यात, मुलगा अश्वजीत आजीजवळ, आणि शेवंताबाई सुटीच्या दिवशी घरी. दयाराम चेष्टेने म्हणायचे, "मी बेटाचा जावई आहो, बायको माझी तिकडेच नांदून राहिली." आता दयाराम नव्हते, आणि बेटही सुटलं होतं.

"चलो आई, पहिले दुकान सांगा," पायल म्हणाली.

"एक आहे. मीठ, माचिस, बिस्कुट, बिडी. त्याच्यावर काही मागू नका म्हणा."

"पाणी?"

"दोन हँडपंप. देवळामागचा गोड. शाळेपाशी आहे त्याला लोखंडाचा वास येते. अन सकाळी देवळामागे पाव्हण्यांनी जायचं नाही, तिथे बाया आंघोळ करतात. हे मोठ्या अक्षरात लिही."

"शाळा? लाइट? मोबाइल नेटवर्क?"

"शाळा पाचवीलोक, पुढे नाही. लाइट आली तर आली. नेटवर्क सेमराच्या झाडाखाली उभं राहिलं तर भेटते, तेही धुकं नसलं तर."

पायल भराभर टाइप करत होती. शेवंताबाई रंगात आल्या होत्या. जांभूळ कधी पिकतं, कोणत्या अंगणात मोहाची फुलं वाळत घालतात, कोणत्या म्हातारीला नमस्कार केल्याशिवाय ती रस्ता देत नाही, सगळं सांगून झालं. मग पायलने पुढचं शीर्षक वाचलं. "आरोग्य सेवा."

 शेवंताबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी उपकेंद्राला त्यांनी स्वतःच्या हाताने कुलूप लावलं होतं. त्यांच्या जागी नेमणूक झाली होती असं म्हणत, पण नेमलेली बाई लसीकरणापुरती यायची आणि त्याच होडीने परत जायची. एक काळ असा होता की काठावरच्या गावातल्या बाया बाळंतपणाला बेटावर येत, कारण नर्स बेटावर होती. आता बेटावर कुलूप होतं.

"आई, उपलब्ध नाही, असं लिहून देते," पायल सहज म्हणाली.

ते त्यांना लागलं. "उपलब्ध नाही काहून? अर्धी जिंदगी काढली मी तिथे. उपलब्ध नाही म्हणते!"

"पण आता कोणी नाही न तिथे. कोई है ही नहीं तो क्या लिखूँ?"

शेवंताबाईंनी जरा विचार केला. त्यांच्या जागी दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, लिही बाई तुला काय लिहायचं ते. पण आपल्या कामाच्या नावाखाली मोकळी जागा राहावी, हे त्यांच्याने सोसवेना. शिवाय त्या नर्स होत्या. पाहुणा झाला म्हणून काय त्याला साप चावणार नाही? त्याचाही जीव जीवच की.

"मग चुनरीचं लिही," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी चुनरीचं सांगितलं. सेमराच्या, म्हणजे काटेसावरीच्या झाडाला एक उंच बांबू बांधलेला असे. गावात सगळ्यात शेवटी लग्न होऊन आलेल्या सुनेची लाल चुनरी दुकानाच्या खुंटीवर घडी करून ठेवलेली असे. कुणाच्या जीवावर बेतलं की बाया ती चुनरी बांबूवर चढवत. पलीकडच्या घाटावर होडीवाला असे. त्याने लाल दिसलं की हातातला घास ताटात टाकून निघायचं, कोण आहे, काय झालं, विचारायचं नाही. एरवी कितीही अडलं, तरी चुनरीला हात लावायचा नाही. नवऱ्याने मारलं तरी नाही, दाणे संपले तरी नाही. सकाळ-संध्याकाळची होडी असते, तिची वाट बघायची. म्हणून तर लाल दिसलं की होडीवाला धावत यायचा. शेवंताबाईंच्या सगळ्या नोकरीत ती चुनरी एकदाही खोटी चढली नव्हती.

पायलचे हात थांबले होते. "आई, हे तर किती सुंदर आहे."

"सुंदर-बिंदर राहू दे. नीट लिही. साप चावला, बाळंतीण अडली, छातीत दुखलं, तरच. एऱ्हवी नाही."

पायलने तसंच लिहिलं. अक्षर न् अक्षर तसंच छापूनही आलं. चूक म्हणायची तर इथेच झाली, आणि ती होताना दोघींच्याही मनात भलंच होतं.

पुस्तिका झकास निघाली. गुळगुळीत कागद, हिंदी आणि इंग्रजी, मधल्या पानावर सेमराचं झाड आणि त्यावर फडकणारं लाल कापड. रविवारी विहारात वंदना झाल्यावर शेवंताबाईंनी ती बायकांमध्ये फिरवली. "हे माझं गाव," त्या सांगत होत्या. अश्वजीत म्हणाला, "आई, तुझं नाव कुठेच नाही छापलं." त्यावर त्या म्हणाल्या, "गावाचं छापलं न बापा, झालं."

त्यांच्या आनंदाला आणखी एक कारण होतं. होडीवाल्या बैसाखू बर्मनची मुलगी भानुमती हिला दिवस गेले होते. ही भानुमती शेवंताबाईंच्या हातावर जन्मलेली, उपकेंद्रातल्या त्याच लोखंडी खाटेवर. तिची आई लवकर गेली. पोर काठावरून बापाच्या होडीत बसून बेटावर यायची आणि दिवसभर "दीदी, दीदी" करत शेवंताबाईंच्या मागे फिरायची. पुढे बेटावरच्याच मुलाशी तिचं लग्न झालं. त्यानंतर गावात दुसरं लग्न झालं नव्हतं, त्यामुळे खुंटीवरची चुनरी तिचीच होती.

भानुमतीच्या अंगात रक्त कमी होतं. शेवंताबाई फोनवरून रोज तिला गूळ-चणे खाल्लेस का विचारत, गोळी घेतलीस का विचारत. सगळं ठरलं होतं: नववा लागायच्या आत तिने काठावर बापाच्या घरी यायचं, शेवंताबाईंनी तिथे जाऊन राहायचं, आणि वेळ आली की गाडीने जबलपूरच्या दवाखान्यात आणायचं. तिला बेटावर बाळंत होऊ द्यायचं नाही, एवढा एकच हट्ट शेवंताबाईंनी धरला होता. नोकरीतल्या पांढऱ्या साड्या धुऊन धुऊन मऊसूत झाल्या होत्या. त्या फाडून त्यांनी बाळंतविडा शिवायला घेतला. झबली, टोपडी, दुपटी. पायल म्हणाली, विकत मिळतं की सगळं. शेवंताबाई म्हणाल्या, "विकतचं टोचते."

थंडी पडली आणि पाहुण्यांची रीघ लागली. बेटावर ये-जा करायला त्यांनाही बैसाखूचीच होडी होती. एकदा कंपनीच्या गाडीतून शेवंताबाईही पायलबरोबर जाऊन आल्या. भानुमतीला तपासलं, पोटावर हात ठेवला, बाळ छान फिरत होतं. मग त्या सेमराखाली आल्या आणि जागीच थबकल्या. बांबूच्या जागी लोखंडी खांब होता. त्याला दोरी, दोरीला चाक, आणि वर एक मोठा नायलॉनचा लाल झेंडा. बायकांच्या चुनरीला त्रास नको म्हणून कंपनीने सोय केली होती म्हणे.

त्यांच्या देखतच चार तरुणांनी दोरी ओढली. झेंडा सरसर वर गेला. पलीकडून बैसाखूची होडी सुटली. साठीचा माणूस वल्ह्यावर वाकून, जीव खाऊन येत होता. काठाला लागताच धापा टाकत तो ओरडला, "का हो गया? कौन है?" त्यावर एक जण हातातल्या मोबाइलवर चित्रीकरण करत म्हणाला, "कुछ नहीं अंकल, देख रहे थे आते हो कि नहीं. गजब सर्विस है!"

शेवंताबाई त्यांच्यावर अशा कडाडल्या की तंबूतली माणसं बाहेर आली. पोरांनी कान पकडले, सॉरी आंटी म्हणाले, आणि मग आंटीबरोबर एक फोटो काढू द्या म्हणाले. बैसाखू हसत होता. "जान दो दीदी. बच्चे हैं. दिन में दो-तीन बार हो जाता है, अपन को आदत पड़ गई."

अपन को आदत पड़ गई. हे वाक्य ऐकून शेवंताबाईंनी सावध व्हायला हवं होतं. झाल्याही. परतताना गाडीत त्या पायलला म्हणाल्या, "तो झेंडा उतरवायला सांग. ते पानही काढा." पायलने दुसऱ्याच दिवशी ऑफिसात सांगितलं. ऑफिस म्हणालं, पुस्तिकेत साफ लिहिलंय की जीवावर बेतलं तरच, आता लोक वाचत नाहीत त्याला आपण काय करणार. सीझन संपला की बघू. शेवंताबाईंनी पुन्हा विचारलं, मग पुन्हा एकदा विचारलं. मग टोपड्याच्या नाड्या शिवायच्या राहिल्या होत्या, त्यात त्या गुंतल्या. भानुमती आता थोड्याच दिवसांत काठावर येणार होती. येऊ दे, मग काळजी नाही, असं त्यांनी मनाशी धरलं.

लांडगा आला रे आला, ही गोष्ट शाळेत कोण शिकत नाही? पण त्या गोष्टीत खोटं ओरडणाऱ्याचीच मेंढरं जातात, निदान एवढा तरी न्याय तिथे आहे.

सोमवारी सकाळी पायल ऑफिसला गेली आणि तासाभरात परत आली. शेवंताबाई ओट्यापाशी होत्या. स्कूटर लावल्याचा आवाज आला, दार वाजलं, पण पायल आत येईना. त्यांनी बाहेर येऊन बघितलं तर ती हेल्मेट न काढताच खुर्चीत बसली होती.

"काय झालं? तब्येत बरी नाही का?"

पायलने मान हलवली. काचेआड तिचा चेहरा ओला झाला होता. "आई, भानुमती..." एवढंच म्हणून ती थांबली, आणि शेवंताबाईंनी पुढचं विचारलं नाही. त्यांनी अशी वाक्यं किती घरांच्या दारांत उभं राहून स्वतः बोलून दाखवली होती. त्यांचा शेवट काय असतो ते त्यांना ठाऊक होतं.

"लेकरू?" त्यांनी विचारलं.

"मुलगी आहे. ठीक आहे."

मग त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून मोठ्याने रडल्या. अश्वजीतने आईला बापाच्या वेळीही असं रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई बैसाखूकडे जायला निघाल्या, तेव्हा पायल म्हणाली, मी येते. वाटेत ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मीच लिहिलं आई, मी नाही लिहायला पाहिजे होतं." शेवंताबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "हात तुझे होते माय. सांगणारं तोंड माझं होतं. अन तू तर म्हणत होती, उपलब्ध नाही म्हणून लिहू. तुझंच खरं होतं."  पायलने सासूचा हात हातात घेतला.

बैसाखूचं घर घाटाच्या वरच होतं. अंगणात माणसं बसली होती. बेटावरच्या बायाही आल्या होत्या. शेवंताबाईंना बघून त्या उठल्या आणि वाट दिली. शेवंताबाईंना वाटलं होतं, कुणीतरी काहीतरी बोलेल. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. कुणी काही बोललं नाही. एका म्हातारीने तर त्यांना टेकायला पाट आणून दिला, आणि तेच त्यांना जास्त जड गेलं.

बाळ भानुमतीच्या सासूच्या मांडीवर होतं. शेवंताबाईंनी आधी त्याला घेतलं. डोळे पाहिले, नखं पाहिली, नाळ पाहिली, दूध कसलं पाजता विचारलं. हात आपलं काम करत होते. पिशवीतून पांढरं झबलं काढून त्यांनी ते बाळाला घातलं. ते जरा मोठंच झालं. पोर दिवस भरण्याआधीच आली होती.

बैसाखू भिंतीला टेकून बसला होता. तो आपणहून बोलायला लागला, कुणी विचारलं नव्हतं.

"इतवार था दीदी. भीड़ थी. सबेरे से दो बार झंडा चढ़ा. दोनों बार गया. एक बार तो किसी को कोल्ड ड्रिंक मँगानी थी." तो म्हणाला, "तीसरी बार अपन खाने बैठे थे. लाल दिखा. देखा था मैंने. ऐसा नहीं कि नहीं देखा."

बैसाखू घाटाकडे बघत पुढे सांगू लागला.

"मैंने कहा, आने दो, रोटी तो खा लें. रोटी खाई. हाथ धोए. बीड़ी पी. फिर देखा, लाल उतरा नहीं था. वो लोग तो फोटो खींच के उतार देते हैं. तब जी में खटका हुआ."

तो होडी घेऊन निघाला. जवळ गेल्यावर त्याला दिसलं की जावई कमरेइतक्या पाण्यात उभा राहून हात हलवतोय, आणि मागे खाटेवर कुणाला तरी आणलंय. सकाळी भानुमतीच्या पोटात अचानक कळा सुरू झाल्या होत्या. मुलगी सुखरूप झाली, पण रक्त थांबेना. फोन लागत नव्हता, त्या दिवशी झाडाखालीही नेटवर्क नव्हतं. बायांनी कंपनीचा झेंडा चढवला नाही. त्यांनी दुकानातल्या खुंटीवरची खरी चुनरी काढली, दोरीवरचं नायलॉन सोडलं आणि ती चढवली. भानुमतीचीच चुनरी. बैसाखूनेच ती लग्नाला जबलपूरच्या बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून आणली होती, जरीच्या काठाची.

"किनारी पे जरी थी दीदी. पर दूर से जरी नहीं दिखती. लाल तो लाल ही दिखता है."

भानुमती होडीत होती तेव्हा शुद्धीवर होती. बापाला म्हणाली, बाबू, ठंड लग रही है. त्याने अंगातला स्वेटर काढून तिला घातला. काठ दिसायला लागला तेव्हा ती गेली. वल्हं हातात असल्यामुळे त्याला ते लगेच कळलंसुद्धा नाही.

शेवंताबाईंनी बाळ पायलजवळ दिलं. त्या बैसाखूसमोर जमिनीवर बसल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "बैसाखू भैया, वो पन्ना मैंने लिखवाया था. मुझसे खाली जगह नहीं देखी गई."

बैसाखूने त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले. "आपने भले के लिए लिखा. रोटी तो मैंने खाई न."

 इतक्या वर्षांत दोघांनी मिळून या पाण्यातून किती माणसं पार नेली होती. साप चावलेली, अडलेली, भाजलेली. आपलं माणूस तेवढं राहिलं. शेवंताबाईंना वाटलं, आपण इथे असतो तर. आपण निवृत्त झालो नसतो तर. मोकळी जागा मोकळीच राहू दिली असती तर. या तिन्हींपैकी एकच गोष्ट त्यांच्या हातात होती, आणि तीच त्यांनी केली नव्हती.

ऊन कललं तशी बेटावरच्या बायांची निघायची तयारी झाली. पण त्या उठेनात. भानुमतीच्या सासूने बैसाखूकडे बघितलं, आणि मग तो म्हणाला, "दीदी, एक बात पूछनी थी. झंडा तो इन लोगों ने काट के पानी में फेंक दिया. पर आगे भी तो किसी को कुछ होगा. लाल अब किसी काम का नहीं रहा. मैं तो जब भी लाल देखूँगा..."  मग तो म्हणाला, "आप इतने साल रहीं. आप ही बोलो, अब कौन सा रंग रखें?"

ज्या बाईने हे सगळं ओढवून आणलं, तिलाच गाव पुन्हा विचारत होतं. शेवंताबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं, समोर पाण्याकडे पाहिलं, टेकडीवरच्या त्या झाडाकडे पाहिलं. पाण्यावर काय उठून दिसतं, धुक्यात काय दिसतं, याचा त्यांनी नर्ससारखा विचार केला. मग त्या बैसाखूच्या कानाशी वाकल्या आणि त्यांनी एक रंग सांगितला. बैसाखूने मान डोलावली. त्याने तो भानुमतीच्या सासूला सांगितला, तिने शेजारणीला. असं करत तो बेटावरच्या सगळ्या बायांच्या कानांतून फिरला. पायल जवळच बाळाला घेऊन बसली होती, पण तिच्यापर्यंत तो आला नाही. तिनेही विचारलं नाही.

बैसाखू होडी सोडायला उठला. दोन पावलं जाऊन तो मागे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती विनवणी होती.

"दीदी, अबकी बार किताब में मत लिखवाना."

शेवंताबाईंनी तो रंग घरी अश्वजीतला सांगितला नाही, पायलला सांगितला नाही. तो या गोष्टीतही लिहिलेला नाही.